केयेंटाचं पत्र: सत्तरीतले पाणके

गावाकडे फोन लावला की आत्या हमखास विचारते, "तुमच्याकडचे ते मिशनरी लोकांना बाटवतात का गं?" अहमदनगरच्या अमेरिकन मिशनपासून आपल्या मनात एक चित्र ठरून गेलंय: परदेशी पैसा, शाळा, दवाखाना आणि मागोमाग धर्मांतर. म्हणून इथल्या एका जोडप्याबद्दल जरा नीट लिहिते.

केयेंटा हे ॲरिझोनाच्या ईशान्य कोपऱ्यातलं, नावाहो राष्ट्रातलं, म्हणजे नावाहो आदिवासींच्या स्वायत्त प्रदेशातलं, जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मी इथे गणित शिकवते. हे वाळवंट असलं तरी उंचीवर आहे, त्यामुळे जानेवारीत बर्फ पडतो. नावाहो राष्ट्रातल्या सुमारे 30 टक्के घरांत नळ नाही. अमेरिकेत, आजच्या घडीला. हे मला पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं.

हे जोडपं मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चचं. दोघांनी सत्तरी ओलांडली आहे. आयडाहोत जन्मभर शेती केली, शेत मुलाच्या हवाली केलं आणि दीड वर्षासाठी इथे आले. छातीवर नावाची काळी पट्टी असते. पगार नाही. घरभाडं, पेट्रोल, किराणा, सगळं स्वतःच्या शिलकीतून. दारोदार प्रचार करतात ती याच चर्चची तरुण पोरं. वयस्कर जोडप्यांना ती सक्ती नसते. त्यांच्या वाट्याला येतं पडेल ते काम, आणि इथे ते काम म्हणजे पाणी आणि सरपण.

सरपणाचं कारण ऐका. इथली कोळशाची खाण 2019 मध्ये बंद पडली. तोवर लोकांना शेगडीसाठी तिथला कोळसा मिळायचा. खाण गेली, रोजगार गेला, कोळसाही गेला; थंडी होती तेवढीच राहिली. आता आजोबा ज्युनिपरची लाकडं फोडतात, आजी रचतात आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या दारात नेऊन टाकतात.

एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले. पिकअपमध्ये हजारेक लिटरची टाकी, आणि कच्चा रस्ता असा की दातावर दात आपटतात. घरापाशी पोचल्यावर कोणी उतरलं नाही. दार ठोठावायचं नाही, आतून माणूस बाहेर येईपर्यंत गाडीतच बसायचं, ही इथली रीत. बऱ्याच वेळाने मखमली पोलकं घातलेल्या एक आजी बाहेर आल्या, मेंढ्यांना हाकललं आणि हाताने खूण केली. मग नळी ओढून पिंपं भरली. पाहुण्यांच्या धर्मात चहा-कॉफी वर्ज्य, हे त्या आजींना ठाऊक. रानातून खुडून, जुड्या बांधून वाळवलेली एक वनस्पती त्यांनी उकळून दिली. सोबत मटणाचा रस्सा. त्या चर्चला जात नाहीत. त्यांचे विधी पूर्वेकडे दार असलेल्या होगानमध्ये, म्हणजे नावाहोंच्या पारंपरिक घरात, होतात. त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या खेपेचा वार तेवढा ठरला.

आत्याचा प्रश्न मात्र बिनबुडाचा नाही, आणि तो मी झटकणार नाही. याच चर्चच्या योजनेत 1954 पासून पुढची काही दशकं हजारो आदिवासी मुलं शाळेच्या वर्षात मॉर्मन घरांत राहायला पाठवली गेली. माझ्या एका सहकारी बाईंची आई त्यांतलीच. शिकले ते तिथे, असं ती म्हणते. आणि परत आले तेव्हा आजीशी बोलता येईना, हेही तीच सांगते. दोन्ही खरं आहे.

पण माझा जीव अडकतो तो दुसरीकडे. माझं माहेर जत तालुक्यातलं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर यायचा तेव्हा हंडे घेऊन झुंबड उडायची. तरी टँकर पाठवणं हे सरकारचं काम, हे सगळ्यांनाच मान्य होतं. नाही आला तर बाया तहसीलवर मोर्चा न्यायच्या. इथे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की नावाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलायला 1868 च्या तहाने सरकार बांधलेलं नाही. इतक्या श्रीमंत देशात हे वाचून माझा संताप झाला. हजार लिटर पाणी म्हाताऱ्या माणसांनी का वाहावं?

आणि तेवढाच राग आपल्या माणसांवरही येतो. सांगली-पुण्यात पाटबंधारे खात्यातून, शाळांतून, दवाखान्यांतून निवृत्त झालेली किती धडधाकट जोडपी आहेत! पेन्शन आहे, अक्कल आहे, हातात कसब आहे. हेमलकशाला जाऊन ती प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांचं काम डोळे भरून बघतात, देणगी देतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. नातवंडं सांभाळायची असतात, हे कबूल. पण या जोडप्यातल्या आजींनाही नातवंडं आहेत; त्यांच्याशी त्या रविवारी फोनवर बोलतात.

माझे मामा कालव्यांवर अख्खी नोकरी केलेले. कुठल्या ओढ्यावर बंधारा टिकेल आणि कुठला वाहून जाईल, हे त्यांना नकाशाशिवाय कळतं. मी त्यांना लिहिलंय, की मामीला घेऊन दोन पावसाळे जतला राहा. आमचं घर रिकामंच आहे, किल्ली आत्याकडे आहे. धर्म, संस्था, पावती काही लागणार नाही. मामा म्हणाले, गुडघे दुखतात. इथल्या आजोबांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, हे मी त्यांना कालच कळवलं. उत्तराची वाट बघते आहे.