एकट्या वैमानिकाचा पाठराखा

नव्या नवरीबरोबर सासरीं पाठराखीण पाठविण्याची चाल आपल्याकडे होती. ती कांहीं नवरीला संसार शिकविण्यासाठीं जात नसे. तें शिक्षण माहेरींच झालेलें असे. परक्या घरांत पहिले कांहीं दिवस ओळखीचें माणूस जवळ असावें, चुकलेंमाकलें तिनें हळूच सांगावें, आणि नवरी रुळली कीं आपलें गांठोडें उचलून परत यावें, एवढेंच तिचें काम. आज ज्या माणसांविषयीं मी बोलणार आहें त्यांचें काम पुष्कळसें याच जातीचें आहे. फरक इतकाच, कीं त्यांच्या शिष्याचें नवें घर जमिनीपासून ४१,००० फूट उंच असूं शकतें आणि तें मिनिटाला सहा मैलांहून अधिक वेगानें धांवत असतें.

जेट विमान म्हटलें कीं पुढें शेजारीं शेजारीं बसलेले दोन वैमानिक आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात, आणि तिकिटें विकणाऱ्या मोठ्या विमानकंपन्यांपुरतें तें चित्र खरेंहि आहे. परंतु अमेरिकेंत लहान जेट विमान एकट्यानें चालविण्याची मोकळीक बरीच जुनी आहे. सेस्ना कंपनीच्या सायटेशन जातीच्या एका विमानाला ती १९७७ सालीं मिळाली. २००६ सालीं एक्लिप्स ५०० आणि सायटेशन मस्टँग या दोन चिमुकल्या जेटांना तेथील सरकारची मान्यता मिळाली. त्यांच्या मागोमाग एम्ब्राएर फेनॉम १००, होंडाजेट, आणि २०१६ सालीं एकाच इंजिनावर उडणारें सिरस व्हिजन जेट, अशीं भावंडें आलीं. हीं विमानें विकत घेणारांत डॉक्टर, कारखानदार, वकील असे धंद्यांत यशस्वी झालेले गृहस्थ पुष्कळ. पगारी वैमानिक न ठेवतां सुकाणू स्वतःच्या हातीं ठेवणें हाच त्यांचा आनंद.

कायदा त्यांना अडवीत नाहीं, पण परीक्षा मात्र घेतो. जेट केवढेंहि लहान असो, त्या जातीच्या विमानाची स्वतंत्र पात्रता, ज्याला तिकडे टाइप रेटिंग म्हणतात, ती मिळविल्याशिवाय तें चालवितां येत नाहीं. हें शिक्षण बहुधा जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्यें होतें. तें यंत्र इतकें हुबेहूब असतें कीं उड्डाणाच्या ऐन क्षणीं इंजिन बंद पाडण्यासारखे जीवघेणे प्रसंगहि तेथें निर्धास्तपणें घडवितां येतात. मात्र जो केवळ सिम्युलेटरांत शिकला आणि ज्याला पूर्वीचा पुरेसा अनुभव नाहीं, त्याच्या परवान्यावर कायदा एक अट घालतो: जाणत्या वैमानिकाच्या देखरेखीखालीं २५ तास उड्डाण केल्यावांचून त्यानें प्रमुख होऊं नये. विमाकंपन्या तर पुष्कळदां याहूनहि पुढें जातात, आणि पाठराख्यासह अमुक तास उडाल्याची नोंद दाखविल्याशिवाय विमा उतरवीत नाहींत. नॅशनल बिझनेस एव्हिएशन असोसिएशन या संस्थेनें २००५ सालींच, म्हणजे हीं नवीं विमानें बाजारांत यावयाचीं होतीं तेव्हां, एकट्या वैमानिकाच्या शिक्षणाचीं सूत्रें प्रसिद्ध केलीं. त्यांत या पाठराख्याला जागा होती. इंग्रजींत त्याला मेंटॉर म्हणतात. होमरच्या ओडिसींत अथीना देवी ज्या वृद्ध मित्राचें रूप घेऊन तरुण टेलेमाकसच्या पाठीशीं उभी राहते, त्याचें हें नांव.

आतां असा प्रश्न येईल, कीं परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला पाठराखा कशाला? प्रॉपेलरच्या विमानांतून जेटांत येणारा हा गृहस्थ नवखाहि नसतो. शेंकडों, कधीं हजारों तास त्यानें हवेंत काढलेले असतात. पण अडचण तेथेंच आहे. त्याच्या हातांना लागलेल्या संवयी येथें पुरत नाहींत, आणि कांहीं तर फसवितात. प्रॉपेलरच्या विमानांत इंजिनाचा जोर कमी केला कीं तो फिरता प्रॉपेलरच अडसर होऊन वेग खातो. जेटांत हा अडसर नाहीं. जोर काढून घेतला तरी तें निसरड्या उतारावरच्या गाडीसारखें पुढेंच वाहत राहतें. उलट जोर एकदम हवा असेल, तर जेट इंजिनाला गति धरण्यास कांहीं सेकंद लागतात, आणि जमिनीजवळ सेकंद ही फार महाग वस्तु असते. उतरतांना ठरलेल्या वेगाहून एकदशांश वेग अधिक राहिला, तर थांबण्यास सुमारें एकपंचमांश धावपट्टी जास्त लागते. लहान गांवच्या विमानतळावर तेवढी शिल्लक असतेच असें नाहीं.

याहून मोठा फरक काळाचा आहे. एका इंजिनाचें चांगलें प्रॉपेलर विमान ताशीं सुमारें १९५ मैल जातें. मस्टँग ताशीं ३९० मैल. म्हणजे विचार करावयास मिळणारा वेळ बरोबर निम्मा झाला. ४१,००० फुटांवरून खालीं यावयाचें तर मुक्कामाच्या आधीं सुमारें १४० मैलांवरच उतरणीस आरंभ करावा लागतो. मुंबईपासून पुण्याचें जें सरळ अंतर, त्याच्या जवळजवळ दुप्पट! पूर्वी गांव दिसूं लागल्यावर उतरण्याचा विचार करणाऱ्या माणसाला गांव क्षितिजाच्याहि पलीकडे असतांना उतरूं लागावें लागतें. तिकडचे वैमानिक म्हणतात, कीं मन विमानाच्या पुढें असलें पाहिजे. तें मागें राहिलें तर विमानांत बसलेला माणूस नुसता प्रवासी उरतो.

आणि मग एकटेपण. एका नियमावरून त्याचें स्वरूप चांगलें कळतें. चाळीस हजार फुटांवर विमानांतील हवेचा दाब गेला, तर माणसाला शुद्धीवर राहून कांहीं करण्यास १५ ते २० सेकंद मिळतात. दोन वैमानिक जागेवर असतील आणि झटकन् चढवितां येणारे मुखवटे हाताशीं असतील, तर ४१,००० फुटांपर्यंत ते मुखवटे लावून बसण्याची सक्ति अमेरिकन नियम करीत नाहींत. एकाचें चुकलें तर दुसरा आहे. पण वैमानिक एकटा असेल तर ३५,००० फुटांच्या वर त्यानें प्राणवायूचा मुखवटा तोंडावर बांधूनच बसलें पाहिजे. याचा अर्थ असा, कीं पाठराखा शेजारीं असेपर्यंत शिष्याला मुखवट्याची गरज नाहीं, आणि पाठराखा गेला त्या दिवसापासून ती आहे! म्हणून पाठराख्यानें तो आधींपासूनच लावावयास लावावा. तोंड आवळलेलें, घाम आलेला, आवाज घोगरा, अशा स्थितींत रेडिओवर बोलणें आणि नकाशे पाहणें ही निराळी कला आहे, आणि ती सोबतीसमोरच साधलेली बरी.

दुसरा वैमानिक असतो तो करतो तरी काय? तो रेडिओवर बोलतो, तपासणीची यादी वाचतो, वेग आणि उंची यांवर नजर ठेवतो. पण त्याचें खरें काम विचारण्याचें आहे: "हें बटण दाबलें, पण दिवा लागला का?" "वेग वाढतो आहे, हें हेतुपुरस्सर आहे ना?" "हें हवामान आपल्याला झेपेल का?" पाठराख्याला हा प्रश्न विचारणारा माणूस शिष्याच्या डोक्यांत नेऊन बसवावयाचा असतो. त्यासाठीं तो कांहीं चाली लावून देतो. सर्व बटणांवरून हात ठराविक क्रमानें फिरवावा, आणि मागाहून यादी वाचून ताळा पाहावा. जें करावयाचें तें मोठ्यानें बोलावें. जवळ कोणी ऐकणारें नसलें तरी बोलावें, कारण मनांतल्या मनांत केलेला विचार अर्धवट सोडतां येतो, उच्चारलेलें वाक्य सहसा सोडवत नाहीं. १०,००० फुटांच्या खालीं प्रवाशांशीं गप्पा बंद, आणि हें प्रवाशांना निघण्यापूर्वींच सांगून ठेवावें. उतरतांना धावपट्टीपासून १,००० फूट उंचीवर एक अदृश्य फाटक आहे असें समजावें: तेथें वेग, उतार, चाकें, सर्व जागच्या जागीं असेल तरच पुढें जावयाचें, नाहीं तर कसलाहि वाद न घालतां पुन्हां वर.

पाठराख्याला स्वतःलाहि एक अवघड गोष्ट साधावी लागते, ती म्हणजे गप्प बसणें. पहिल्या दोनचार उड्डाणांत तो रेडिओ सांभाळतो, सुचवितो, सांगतो. पुढें पुढें त्यानें कमी कमी बोलावें. परंतु न बोलतांहि माणूस पुष्कळ बोलत असतो! चाकें सोडण्याची वेळ आली आणि शिष्य विसरला, कीं जाणत्याचा हात आपोआप त्या दांड्याकडे वळतो. शिष्याला तेवढी खूण पुरते, आणि दोघांचाहि समज होतो कीं त्याला आठवलें. म्हणून शहाणा पाठराखा हात मांडीवर ठेवून बसतो. तपासणीची यादी वाचून होत नाहीं, चूक दिसते आहे, वेळ अजून आहे, अशा वेळीं ती चूक शिष्याला स्वतःलाच दिसूं देण्यास जें धैर्य लागतें, तें विमान हातीं घेण्याहून अधिक आहे असें मला वाटतें.

हें न साधल्यास काय होतें याचीं उदाहरणें अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाच्या दप्तरीं आहेत. २९ डिसेंबर २०१६ च्या रात्रीं क्लीव्हलँड शहरीं बास्केटबॉलचा सामना पाहून एक गृहस्थ कुटुंबीय आणि शेजारी यांसह सायटेशन जातीच्या जेटांतून घरीं निघाले. घर म्हणजे कोलंबस, अर्ध्या तासाच्या आंतलें अंतर. विमानतळ ईरी सरोवराच्या अगदीं कांठावर. समोर काळेंभोर पाणी आणि काळेंभोर आकाश. उड्डाणानंतर थोड्याच अवधींत विमान सरोवरांत कोसळलें आणि सहाहि जण गेले. या जातीच्या विमानाची पात्रता वैमानिकानें त्याच महिन्यांत मिळविली होती. त्यापूर्वीं तो मस्टँग चालवीत असे. चौकशींत असें ठरलें, कीं त्याला दिशेचा आणि तोलाचा भ्रम झाला. त्याला हातभार लागला थकव्याचा, ऑटोपायलट चालू आहे कीं नाहीं याविषयींच्या गैरसमजाचा, आणि जुन्या विमानाच्या संवयींचा. कारण ऑटोपायलटची फळी आणि विमानाचा कल दाखविणारें यंत्र, हीं दोनहि या विमानांत निराळीं होतीं. शेजारीं कोणी असतें तर "ऑटोपायलट लागला नाहीं" हे तीन शब्द पुरले असते.

दुसरें उदाहरण ८ डिसेंबर २०१४ चें, मेरीलँड राज्यांतील गेदर्सबर्गचें. फेनॉम १०० उतरत होतें, ढगांत पंखांवर बर्फ धरत होतें, आणि पंखांवरील बर्फ काढणारी यंत्रणा वैमानिकानें चालू केली नव्हती. उतरण्याचा वेगहि बर्फ नसतांनाचा धरलेला. विमानाचा आधार सुटला तेव्हां तें सावरण्याइतकी उंची उरली नव्हती. विमानांतील तिघे, आणि तें ज्या घरावर पडलें त्या घरांतील एक माता व तिचे दोन मुलगे प्राणास मुकले. त्या वैमानिकाच्या शिक्षकांनीं चौकशींत सांगितलें, कीं तो बुद्धिमान होता, उत्साही होता, परंतु कामांची आंखणी आणि गर्दी यांत अडखळत असे, म्हणून त्याला नेहमींहून अधिक शिक्षण द्यावें लागलें.

या दुसऱ्या प्रसंगावरून मला एक गोष्ट बोलावीशी वाटते. पाठराख्याचें काम तासांवर मोजण्याची रीत आहे; तें ऋतूंवर मोजलें पाहिजे. जूनमध्यें पंचवीस तास पुरे करणाऱ्या माणसानें बर्फ पाहिलेलेंच नसतें. रात्र, पाऊस, गोठलेले ढग, ओली आखूड धावपट्टी, यांतील प्रत्येकाची एकदां तरी सोबतीनें भेट झाली पाहिजे. मग तास पंचवीस होवोत कीं साठ.

पण हें सांगणार कोण? श्रोतेहो, या धंद्यांतील खरी अडचण येथें आहे. पाठराख्याला मेहनताना देतो तो शिष्यच. हा शिष्य शेंकडों माणसांचा धनी, त्याच्या कचेरींत त्याला नाहीं म्हणणारा कोणी नसतो, आणि विमान तर त्याचें स्वतःचें. त्याला "आपण अजून तयार नाहीं" असें सांगणें म्हणजे पुढच्या आठवड्याचें काम गमावण्याची तयारी ठेवणें. विमाकंपनीची अट असली तर पाठराख्याला तिचा आडोसा मिळतो. नसली तर त्याची स्वतःची पाठ कोणी राखीत नाहीं. म्हणून अनुभवी लोक पहिल्याच दिवशीं, स्नेह जमण्यापूर्वीं, कागदावर लिहून घेतात कीं काय काय साधलें म्हणजे काम संपलें. मग नकार माणसाचा न राहतां कागदाचा होतो.

एकट्याचीं पहिलीं उड्डाणें मुद्दाम नीरस ठेवावयाचीं असतात: दिवसा, स्वच्छ हवेंत, ओळखीच्या लांब धावपट्टीवर, प्रवाशांवांचून. किती ढग असतां आपण निघणार नाहीं याचे आंकडे वैमानिकानें घरींच लिहून ठेवावयाचे, आणि ते कायद्याहून कडक. त्यांत सूट द्यावयाची ती अनुभव वाढल्यावर, विमानतळावर पाहुणे वाट पाहत उभे असतांना नव्हे.

अलीकडे यंत्रेंहि मदतीला आलीं आहेत. २०२० पासून व्हिजन जेटांत अशी व्यवस्था आहे, कीं वैमानिक निकामी झाला तर प्रवाशानें एक तांबडें बटण दाबावें. मग यंत्रच जवळचा विमानतळ निवडतें, रेडिओवर वर्दी देतें आणि विमान उतरवून थांबवितें. परंतु तें यंत्र वैमानिकाला घरून निघूं नका असें सांगत नाहीं. शिवाय तें बटण दाबावयाचें कोणी? पाठराख्यानें म्हणूनच शेवटचा एक तास विमानाच्या मालकासाठीं न ठेवतां त्याच्या पत्नीसाठीं व मुलांसाठीं ठेवावा. त्यांना विमानांत बसवावें, छतावरचें तें बटण दाखवावें, आणि वडिलांना कसलेंहि उत्तर देतां येईनासें झालें तर त्यांची परवानगी न विचारतां तें दाबावें, हें त्यांच्यासमोरच सांगून ठेवावें.