शेरखान बरा की स्किपी?

लहान मुलांच्या मालिकेत रानटी प्राणी नायक असेल, तर तो चित्रातलाच बरा. ऑस्ट्रेलियाच्या 'स्किपी' मालिकेत (१९६८-७०, ९१ भाग) पडद्यावर कांगारू एकच दिसतं, पण चित्रीकरणात अनेक कांगारू वापरली होती. वस्तू उचलणारे पंजे तर नकली होते. उलट १९९३ साली दूरदर्शनवर आलेल्या जपानी 'जंगल बुक' या कार्टून मालिकेत नाना पाटेकरांच्या आवाजाने शेरखान हा वाघ जिवंत केला, एकाही वाघाला त्रास न देता.

कुणी म्हणेल, बोलणाऱ्या वाघाकडून मुलं काय शिकणार? मुद्दा रास्त आहे. पण चित्र खरेपणाचा आव आणत नाही. स्किपी मात्र रानटी प्राणी माणसाचा दोस्त असतो, असं पटवून देते. म्हसावदकरांनो, आपल्या शहादा तालुक्यात उसात बिबट्याचा वावर असतो. तिथे हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. मालिका जरूर दाखवा, फरकही समजावून सांगा.