उखळीचा सांधा आणि पिकअपचं चाक



हाडांचे सांधे शिकवताना आपण खांद्याचा उखळीचा सांधा सांगतो. गोल डोकं, त्याला धरणारी वाटी, म्हणून हात सगळीकडे फिरतो. अगदी असाच सांधा पिकअपच्या पुढच्या चाकाशी असतो, त्याला बॉल जॉइंट म्हणतात. जुन्या विलीज जीपला पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि किंगपिन असायची. स्कॉर्पिओ गेटअवेसारख्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपची पुढची चाकं मात्र स्वतंत्र हलतात, त्यामुळे प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक जॉइंट.

स्पर्धेसाठी राजूरहून वणीला निघालो होतो. एका पालकाची जुनी डबल केबिन पिकअप, मागच्या सीटवर चार मुली. खड्डा आला की पुढून 'टक्' आवाज. पालक म्हणाले, "सर, जुनी गाडी हाय, वाजणारच." परत आल्यावर मिस्त्रींनी चाक उचलून हलवलं आणि ते गप्पच झाले. मग म्हणाले, "हा निसटला असता ना सर, तर चाक आडवं पडलं असतं."

आपल्याकडे चुनाभट्ट्यांची आणि कोळशाची धूळ. जॉइंटवरचं रबर फाटलं की धूळ आणि पाणी आत जातं, ग्रीस खराब होतं आणि गोळा वाटीत घासून सैल होतो.

तपासायचं कसं? जॅक खालच्या आर्मखाली लावून चाक जमिनीपासून सोडवायचं, मागच्या चाकांना दगडाची उटी लावायची. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बहुधा बेअरिंग, राहिला तर जॉइंटवर संशय. टायरखाली पहार घालून हलकेच उचललं की खालचा जॉइंट डोळ्यांना दिसेल असा हलतो.

बदलण्याचं काम मात्र मिस्त्रीकडूनच करून घ्या. स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा जोर खालच्या आर्मवर असतो. आर्मला आधार न देता जॉइंट सुटला तर आर्म झटक्यात खाली येतो. हात जायचा! म्हणून गाडी स्टँडवर, आर्मखाली जॅक, मग चाक काढायचं. स्प्लिट पिन काढून नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. जॉइंटचा दांडा निमुळता असून नकलमध्ये घट्ट रुतलेला असतो. पुलरने किंवा नकलच्या बाजूवर हातोडीचे ठोके देऊन तो सुटतो. तेव्हा हा नटच सगळं धरून ठेवतो. ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगायचा, पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही. फोर-व्हीलमध्ये नकलमधून ड्राइव्ह शाफ्टही जातो, तो ताणला तर त्याचा सांधा सुटतो.

नवीन बसवताना नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळायचा. पिनचं भोक जुळलं नाही तर अजून थोडा आवळायचा, सैल करून जुळवायचं नाही. पिन नवीनच घालायची (जुनी वाकवून घालणारे भेटतात, त्यांना थांबवा). शेवटी व्हील अलाइनमेंट, नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजतात.

त्या गाडीचा काढलेला जॉइंट मिस्त्रींनी पुसून मला दिला. आता तो वर्गात आहे. मुलं तो फिरवून बघतात, मग आपला खांदा.