प्रिंटर अबोला धरतो तेव्हा

शाळेत उद्याच्या परीक्षेची प्रवेशपत्रे काढायची असतात, किंवा साडेपाचच्या आत एखादा अर्ज कचेरीत पोहोचवायचा असतो. आणि नेमक्या त्याच घटकेला संगणकाशेजारचा प्रिंटर निमूट बसून राहतो. मोडल्याचा आवाज होत नाही, धूर निघत नाही. आज्ञा दिली जाते आणि कागद बाहेर येत नाही, एवढेच घडते. मग जवळपासचा प्रत्येक मनुष्य पुढे होऊन छपाईचे बटण एकेकदा दाबून पाहतो. दुसऱ्या दिवशी यंत्र दुरुस्तीला जाते, पैसे खर्च होतात, आणि पुष्कळदा असे आढळून येते की यंत्र मुळात बिघडलेच नव्हते.

हा खर्च आणि हा मनस्ताप टाळण्यासाठी यंत्रशास्त्राचे मोठे ज्ञान लागत नाही. अडचण कोठे आहे ते क्रमाने शोधण्याची सवय तेवढी लागते. छपाईच्या आज्ञेला तीन मुक्काम करावे लागतात. संगणक मजकूर तयार करून रांगेत लावतो. तो मजकूर तारेतून किंवा बिनतारी मार्गाने प्रिंटरकडे जातो. आणि प्रिंटर तो कागदावर उतरवतो. यांपैकी कोणत्या मुक्कामावर गाडी अडली आहे, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. संगणकाला बाजूला ठेवावे आणि प्रिंटरकडूनच एक पान काढून पाहावे. वर काच असलेल्या यंत्रावर कोणताही कागद ठेवून झेरॉक्स काढली म्हणजे झाले. काच नसेल, तर चाचणीचे पान कोणत्या बटणाने निघते ते यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते पान स्वच्छ निघाले, तर यंत्र निर्दोष आहे आणि दोष आधीच्या दोन मुक्कामांत आहे. ते निघाले नाही, तर संगणकाशी झटापट करण्यात अर्थ नाही. या एका कसोटीने निम्मे काम वाचते. पण घाईच्या वेळी ती कोणाला आठवत नाही.

समजा, यंत्र निर्दोष ठरले. आता संगणकातील रांगेकडे पाहावे. विंडोज प्रणालीत स्पूलर नावाचा एक अदृश्य कारकून असतो. छापायला आलेले प्रत्येक काम तो नोंदवून घेतो आणि आल्या क्रमाने पुढे पाठवतो. रांगेतील पहिलेच काम सदोष निघाले, तर हा कारकून त्याच्यापाशीच अडून बसतो आणि मागची सर्व कामे तिष्ठत राहतात. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबणे म्हणजे रांग लांबवणे होय. पुढे अडथळा दूर झाला की एकाच अर्जाच्या पंधरा प्रती धडाधड बाहेर पडतात, आणि कागद व शाई दोन्ही वाया जातात. रांगेची खिडकी उघडून सर्व कामे रद्द करावीत, प्रिंटर बंद करून मिनिटभराने चालू करावा, आणि संगणकही नव्याने सुरू करावा. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

याच खिडकीत आणखी एक गोष्ट तपासावी. आज्ञा नेमकी कोणाला दिली जात आहे? विंडोज १० मध्ये २०१५ सालापासून अशी सोय आहे की शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप मुख्य ठरतो. सोय चांगली, परंतु काल कोणी मजकूर पीडीएफ म्हणून जतन केला असेल, तर आज छपाईची आज्ञाही त्याच कागदविरहित प्रिंटरकडे जाते, आणि खरा प्रिंटर आपला स्वस्थ असतो. ही सोय बंद करून आपला प्रिंटर एकदाच नेमून टाकावा, हे बरे.

वायफायवर चालणाऱ्या यंत्रांची तऱ्हा निराळी. घरातील राउटर प्रत्येक उपकरणाला एक क्रमांकी पत्ता देतो, आणि वीज जाऊन आली की तो पत्ता कधी कधी बदलतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर टपाल धाडत राहतो आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ असल्याचे सांगतो. वीज वारंवार जाते तेथे हा अनुभव नेहमीचा आहे. प्रिंटर संगणकातून काढून पुन्हा जोडला की तो सापडतो. राउटरमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला, तर प्रश्न उरत नाही.

आता खुद्द यंत्राकडे वळू. सर्वांत नेहमीची तक्रार कागद अडकण्याची, आणि तिचा इतिहासही मनोरंजक आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८०च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला होता. त्यात कागद वरचेवर अडके, आणि आपापल्या टेबलाशी वाट पाहत बसलेल्यांना त्याचा पत्ता नसे. जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी दुरुस्ती केली होती की कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांना संदेश जाई. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र त्यांना मिळू शकली नाही. आज्ञावली सर्वांना खुली असावी, या त्यांच्या आग्रहाला या प्रसंगाने धार आली, आणि १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. अडकलेल्या कागदाने एवढे मोठे काम क्वचितच केले असेल!

अडकलेला कागद ओढताना यंत्र बंद असावे, आणि कागद ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने दोन्ही हातांनी सावकाश ओढावा. हिसका दिला की तो फाटतो, आणि आत राहिलेला बोटाएवढा तुकडासुद्धा कागदाची चाहूल घेणाऱ्या इवल्याशा दांडीला दाबून धरतो. मग आत कागद नसतानाही यंत्र ‘कागद अडकला’ असेच सांगत राहते. गोव्यात व बेळगावकडे पावसाळ्यात कागद हवेतील ओल शोषून घेतो, त्याच्या कडा वळतात, दोन-दोन पाने चिकटून आत जातात. म्हणून रीम वेष्टनातच बंद ठेवावी आणि लागतील तेवढीच पाने तबकात घालावीत. कागद आत ओढणारा रबरी रूळ धुळीने गुळगुळीत झाला असेल, तर किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावा.

ग्वाल्हेर-इंदुराकडील उन्हाळ्यात दुखणे याच्या उलट असते. शाईच्या प्रिंटरची छिद्रे केसाहून बारीक असतात, आणि कोरड्या हवेत त्यांतील शाई सुकते. पाने कोरी किंवा रेघारेघांची निघतात. यावर छिद्रे साफ करण्याची सोय यंत्रातच असते. परंतु दर साफसफाईला पुष्कळ शाई खर्च होते. दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही, तर काही तास थांबून, सुकलेली शाई मऊ होऊ द्यावी. येथे आपल्याकडची एक सवय घातक ठरते. काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करण्याची शिस्त इतरत्र स्तुत्य असली, तरी शाईचा प्रिंटर प्रथम त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावा. तसे केले म्हणजे तो छपाईचे मस्तक जागेवर नेऊन त्यावर टोपण बसवतो. मधेच वीज तोडली, तर मस्तक उघडे राहून छिद्रे सुकण्याचा धोका असतो. यंत्र फार दिवस पडून असेल, तर आठवड्याला एक रंगीत पान काढावे.

लेझर प्रिंटरला सुकण्याचे भय नाही, कारण त्यातील शाई म्हणजे कोरडी भुकटी. छपाई फिकी झाली, तर भुकटीची नळी बाहेर काढून हलकेच डावी-उजवीकडे हलवावी. आणखी काही पाने निघतात. ती नळी उन्हात उघडी ठेवू नये, कारण तिच्यासोबतचा ढोल प्रकाशाने खराब होतो. सांडलेली भुकटी गरम पाण्याने धुऊ नये, ती वितळून चिकटते. आत हात घालण्यापूर्वी यंत्र निवू द्यावे, कारण भुकटी कागदावर पक्की करणारा रूळ दोनशे अंशांच्या आसपास तापतो. याच रुळाला तापताना एकदम मोठा वीजप्रवाह लागतो, आणि संगणकाच्या लहान यूपीएसला तो भार सोसत नाही. तेव्हा लेझर प्रिंटर यूपीएसवर न लावता सरळ भिंतीतल्या जोडणीवरच लावावा.