जुन्या वस्तूचा भाव आणि थांबण्याचा हिशेब

यवतमाळच्या बाजार समितीच्या आवारातील फलकावर आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर अशा रकान्यांत त्या त्या दिवसाच्या व्यवहाराची सारी हकीकत मांडलेली असते, आणि घाटंजीच्या किंवा बाभूळगावच्या बाजूने सोयाबीनची पोती घेऊन आलेल्या शेतकऱ्याला, तो दर मान्य असो वा नसो, आपल्या मालाची आजची किंमत निदान डोळ्यांनी वाचता येते. त्याच शेतकऱ्याच्या अंगणात उभी असलेली दहा वर्षांची मोटारसायकल, पडवीतले शिलाई मशीन किंवा मुलाने वापरून बाजूला ठेवलेला मोबाइल यांच्यासाठी मात्र असा फलक कोठेही लागत नाही. ओएलएक्सवर आणि फेसबुकच्या मार्केटप्लेसवर अशा वस्तूंच्या जाहिराती रोज झळकतात, त्यांवर आकडेही असतात. परंतु ते आकडे मागितलेल्या किमतीचे असतात, मिळालेल्या किमतीचे नव्हेत. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत, तेव्हा भोवतालच्या मंडळींना सौदा झाल्याचे कळे, आकडा कळत नसे. इंटरनेटवरील बाजारात रुमालाची जागा खाजगी संदेशांनी घेतली आहे, एवढेच. वस्तू अखेर कितीला गेली हे विकणारा आणि घेणारा या दोघांवाचून कोणाला ठाऊक होत नाही.

या अज्ञानातून जो पहिला अनर्थ उद्भवतो तो असा की, विकणारा इतरांच्या जाहिराती पाहतो, त्यांतील चढे आकडे हाच बाजारभाव आहे असे मानतो आणि आपली किंमत त्यांच्या बरोबरीने लावतो. वस्तुतः जी जाहिरात महिनोन्‌महिने जागची हलत नाही ती त्या किमतीला गिऱ्हाईक नसल्याचाच पुरावा असते. म्हणून विक्री करू इच्छिणाऱ्याने आधी दोन-तीन आठवडे नुसते पाहावे, आणि आपल्यासारखी वस्तू कोणत्या आकड्याला मांडली असता चार दिवसांत नाहीशी झाली व कोणत्या आकड्याला तशीच पडून राहिली, याची एखाद्या वहीत नोंद ठेवावी. नाहीशी झालेली प्रत्येक जाहिरात विकली गेलेलीच असते असे नाही, कोणी कंटाळून काढूनही घेतो. तरीही या नोंदीतून जो अदमास येतो तो शेजाऱ्याच्या सांगोवांगीपेक्षा पुष्कळच भरवशाचा असतो.

दुसरा अडथळा विकणाऱ्याच्या स्वतःच्या मनात असतो. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना चहा-कॉफीचे साधे पेले देण्यात आले आणि ते कितीला विकाल असे विचारण्यात आले. ज्यांच्या हाती पेला नव्हता त्यांना तो कितीला घ्याल असे विचारले गेले. पेला हाती येऊन काही मिनिटेच झाली असतानाही त्याच्या धन्यांनी मागितलेली रक्कम घेणाऱ्यांच्या तयारीच्या सुमारे दुप्पट भरली. काही मिनिटांच्या मालकीचा प्रभाव जर एवढा, तर ज्या मोटारसायकलवरून मुलीला शाळेत पोहोचविले आणि वडिलांना सरकारी दवाखान्यात नेले, तिची किंमत तिच्या मालकाच्या मनात किती वाढलेली असेल याची कल्पना करावी. त्या भावनेत गैर काहीच नाही. परंतु गिऱ्हाईक त्या आठवणी विकत घेत नाही, ते टायर, इंजिन आणि कागदपत्रे विकत घेते.

आणि मनात रुतून बसलेला एखादा जुना आकडा काय करतो हे यवतमाळ जिल्ह्याला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. 2021-22च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला, उन्हाळ्यापर्यंत काही बाजारांत तो बारा हजारांच्या घरात पोहोचला, आणि पुढल्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेने असंख्य शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. राहत्या खोल्या कापसाने भरल्या, त्यातील किड्यांनी लहान मुलांच्या अंगाला खाज सुटली, आणि भाव मात्र आठ हजारांच्या आसपास रेंगाळून उन्हाळ्यात त्याहूनही उतरला. थांबणाऱ्यांना मूर्ख ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही, कारण त्याआधीच्याच वर्षी जे थांबले त्यांना चार पैसे अधिक मिळाले होते. चूक थांबण्यात नव्हती. एकदा मिळालेला भाव हा आपला न्याय्य हक्काचा भाव आहे, असे मनाने धरून बसणे तेवढे घातक ठरले. जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याच्या बाबतीत हा आकडा बहुधा खरेदीच्या पावतीवरचा असतो. पन्नास हजारांना घेतली, निदान तीस तरी आलेच पाहिजेत, असे तो म्हणतो. परंतु पावतीवरच्या रकमेचा आजच्या किमतीशी संबंध फारच थोडा.

तथापि, धीर धरण्याने काहीच साधत नाही असेही नव्हे. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकातील बॉस्टन शहराच्या सदनिकांचे व्यवहार तपासून 2001 साली असे दाखविले की, ज्यांना खरेदीपेक्षा कमी किमतीत घर विकावे लागणार होते त्यांनी किंमत अधिक मागितली, त्यांची घरे विकली जाण्यास अधिक काळ लागला, परंतु जी विकली गेली त्यांना रक्कमही काहीशी अधिक मिळाली. म्हणजे वेळ हा स्वतःच एक मोबदला आहे. तो देऊन किंमत वाढवून घेता येते, मात्र तो आपल्यापाशी असावा लागतो.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा वेळ अधिकच लागतो. 2011च्या जनगणनेनुसार सुमारे पावणेअठ्ठावीस लाखांची वस्ती सोळा तालुक्यांत पसरलेली, आणि वणीचे गिऱ्हाईक जुने कपाट पाहावयास यवतमाळला किंवा उमरखेडला सहसा येत नाही. पुण्या-मुंबईत एका वस्तूला आठवड्यात दहा विचारणारे भेटतात, तेथे तीन दिवसांत फोन आला नाही तर किंमत चढी आहे असे अनुमान काढता येते. येथे तीन आठवडे फोन न येण्याचा अर्थ एवढाच असू शकतो की, आपल्या वस्तूचे गिऱ्हाईक दिग्रसला किंवा आर्णीला आहे आणि त्याने अद्याप जाहिरात पाहिलेली नाही. अशा वेळी दर चार दिवसांनी पाचशे-पाचशे रुपये उतरविणारा विक्रेता पाहणाऱ्याला आणखी थांबण्याचेच शिक्षण देतो. त्यापेक्षा महिनाभर किंमत स्थिर ठेवावी, मग जाहिरात काढून नवी छायाचित्रे घालावीत, वर्णन सुधारावे आणि किंमत एकदाच, पण स्पष्टपणे, कमी करून ती पुन्हा मांडावी.

परंतु या साऱ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हंगाम. या जिल्ह्याच्या हाती पैसा बारा महिने सारखा खेळत नाही. तो दसऱ्यानंतर सोयाबीनसोबत येऊ लागतो, कापसाच्या वेचणीबरोबर माघापर्यंत टिकतो, आणि ज्येष्ठात बियाणे व खते यांवर खर्चून जातो. मेच्या अखेरीस रोख रकमेच्या तगाद्याने विकणाऱ्यांची गर्दी होते, नेमकी तेव्हाच घेणाऱ्यांची वानवा असते. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर, शिलाई मशीन, दुचाकी यांना मार्गशीर्षात जे गिऱ्हाईक मिळते ते ज्येष्ठात मिळणे कठीण.

कूलरचे उदाहरण घ्यावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून किंवा अभियांत्रिकीतून शिक्षण संपवून गावी परतणारा विद्यार्थी खोली रिकामी करताना कूलर मिळेल त्या किमतीला देऊन टाकतो, आणि ते पावसाळ्याचे दिवस असतील तर त्या लोखंडी पेटीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. हाच कूलर ज्याच्याकडे ठेवण्यास जागा आहे त्याने कोरड्या ठिकाणी झाकून ठेवावा. फाल्गुनात टाकीच्या तळाशी साचलेला क्षारांचा पांढरा थर खरवडून, गंज घासून, रंगाचा एक हात द्यावा, जुन्या कुजलेल्या ताट्या काढून नव्या बसवाव्यात, टुल्लू पंप बादलीत सोडून तो पाणी नीट चढवितो की नाही हे पाहावे, आणि पंखा फिरताना व ताट्यांवरून पाणी उतरताना दिसेल असे अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण जाहिरातीस जोडावे. पारा चाळिशीपार गेल्यावर याच वस्तूसाठी विचारणा सुरू होते. मोबाइलला हा न्याय लागू नाही. नवे नमुने बाजारात येत राहतात आणि जुना फोन कपाटात पडून असतानाही स्वस्त होत जातो, म्हणून तो विकायचा ठरला की त्याच आठवड्यात विकावा.

आता थांबण्याची किंमत. समजा, एका दुचाकीला जूनमध्ये 28,000 रुपये देणारे गिऱ्हाईक आहे आणि डिसेंबरपर्यंत थांबल्यास 33,000 मिळतील असा अदमास आहे. ज्याचे पैसे बँकेच्या बचत खात्यात वर्षाला तीन टक्क्यांनी पडून आहेत, त्याला सहा महिने थांबण्याने 420 रुपयांच्या व्याजावर पाणी सोडावे लागते आणि पाच हजार पदरात पडतात. त्याने अवश्य थांबावे. परंतु ज्याने खरिपासाठी तेवढीच रक्कम खाजगी सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिना या दराने उचलली आहे, त्याला महिन्याला 840 याप्रमाणे सहा महिन्यांत 5,040 रुपये व्याज भरावे लागते, म्हणजे पाच हजारांचा सारा फायदा जाऊन वर चाळीस रुपयांची खोट येते. गाडी तीच, गिऱ्हाईक तेच. एका घरी जो विवेक तो दुसऱ्या घरी नुकसान. धीराची स्तुती करणाऱ्या लेखांत हा हिशेब सहसा मांडलेला नसतो, आणि मला तो सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो.

घेणाऱ्याचेही म्हणणे ऐकले पाहिजे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन असे मांडले की, वस्तूतील दोष विकणाऱ्यास ठाऊक असतात आणि घेणाऱ्यास नसतात, म्हणून घेणारा प्रत्येकच वस्तूत दोष गृहीत धरून किंमत पाडतो आणि त्यामुळे निर्दोष वस्तूचा धनी बाजारातून अंग काढून घेतो. पुढे 2001 साली त्यांना नोबेल पारितोषिकात सहभाग मिळाला तो याच विचारसरणीसाठी. या संशयावर एकच उतारा आहे, आणि तो म्हणजे दोष स्वतः होऊन सांगणे. 2017 साली या जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्याने ते दिवस पाहिले त्याला पाठीवरून गळणारा फवारणी पंप ‘चालू स्थितीत’ म्हणून विकणे हा केवळ व्यवहारातला खोटेपणा वाटणार नाही. पंपाची टाकी गळते, नोझल बदलावे लागेल, पट्टा तुटका आहे, हे जाहिरातीतच लिहावे आणि त्याप्रमाणे किंमत कमी ठेवावी. गळणारी टाकी दुरुस्त होण्यासारखी नसेल तर तो पंप विकूच नये. दुचाकी असेल तर गिऱ्हाइकाला आपला मिस्त्री आणू द्यावा. असा विक्रेता चार शंका आधीच मिटवून ठेवतो, आणि मग घासाघीस उरते ती थोडक्याचीच.

ती घासाघीसही धीराने करावी. ‘काही कमी होते का जी?’ असा पहिलाच संदेश येतो, आणि त्याला उत्तर म्हणून शेवटचा आकडा सांगून टाकणे हा उतावीळपणा आहे, कारण समोर आलेला माणूस त्याखालून पुन्हा सुरुवात करतो. ‘गाडी येऊन पाहा, मग बोलू’ एवढेच सांगावे. ज्याला घ्यायची आहे तो येतो. स्वतःपुरती मात्र खालची मर्यादा आधीच ठरवून ठेवावी, म्हणजे भिडेखातर ती मोडली जात नाही. आपण सैन्यात आहोत, वस्तू न पाहताच आगाऊ रक्कम पाठवितो, तुम्ही फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, असे सांगणारा माणूस ठग असतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

वाहनाच्या बाबतीत पैसे मोजून घेतले म्हणजे व्यवहार संपला असे नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात वाहन विकणाऱ्याने 14 दिवसांत परिवहन कार्यालयास हस्तांतर कळवावयाचे असते, घेणाऱ्याने 30 दिवसांत. त्यासाठी नमुना 29 व 30 भरावे लागतात, आणि वाहन कर्जाचे असेल तर बोजा उतरविण्याचा नमुना 35 लागतो. दप्तरी ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात दिला, म्हणून विकलेल्या दुचाकीने पुढे अपघात केल्यास भरपाईचा दावा जुन्या धन्याच्या दारी येऊ शकतो. कागद पूर्ण असलेली एमएच-29ची गाडी हजार-दोन हजार अधिक मिळविते ते याचमुळे.

राहिला प्रश्न ज्याला थांबताच येत नाही त्याचा. जूनमध्ये बियाण्यासाठी पैसा लागणारच आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याने जाहिरात मे महिन्यात न देता मार्गशीर्षातच द्यावी, म्हणजे घेणाऱ्यांच्या हाती पैसा असतानाचे दोन-तीन महिने त्याला सावकाराचे व्याज न भरता मिळतात. अडचण येण्यापूर्वी विकावयास काढलेली वस्तू अडचणीच्या भावाने जात नाही. याहून मोठे काम संस्थांचे आहे. बाजार समिती धान्याचे दर लिहिते. तिने किंवा गावोगावच्या बचत गटांनी आपल्या भागात विकली गेलेली जुनी अवजारे, शिलाई मशिने, पंप आणि दुचाकी प्रत्यक्षात कितीला गेल्या याची एक साधी नोंदवही ठेवली, व्यक्तींची नावे न लिहिता केवळ वस्तू, तिचे वय, तिची स्थिती आणि ठरलेली रक्कम, एवढेच तीत भरले, तर झरी-जामणीच्या पाड्यावरील बाईलाही आपल्या मशीनचा भाव दुसऱ्याच्या तोंडाकडे न पाहता कळेल. ही नोंदवही ठेवण्यास वेगळा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. गटाच्या मासिक सभेत दहा मिनिटे काढली तरी पुरे.