प्रणयकादंबरी व वाचकमत

स्त्रीपुरुषांमधील अनुराग, त्यातील विघ्ने आणि बहुधा अखेरचे मीलन असे कथानक असलेल्या रंजनप्रधान कादंबरीस प्रणयकादंबरी म्हणतात. सुटीत वा प्रवासात ती सहज वाचून व्हावी, एवढीच तिच्याकडून सामान्यतः अपेक्षा असते. मराठीत अशा कादंबऱ्यांविषयी वाचकांनी स्वतः व्यक्त केलेल्या मतांपेक्षा, वाचकांच्या वतीने लेखक, टीकाकार व न्यायालये यांनी मांडलेली मतेच अधिक प्रमाणात नोंदली गेली आहेत.

लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा (१८६८) या आरंभीच्या अद्‌भुतरम्य प्रणयकथा होत. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत विवाहविषयक रूढींमुळे हिंदूंच्या नित्य जीवनात कादंबरीयोग्य असे मनोरंजक काही सापडत नाही, ही लेखकाची अडचण सांगितली आहे. वाचकाला रमवावयाचे तर कल्पित अद्‌भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा तिचा मथितार्थ.

शिक्षित तरुणतरुणींच्या परस्परपरिचयाचे क्षेत्र विस्तारल्यावर ही अडचण उरली नाही. ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांनी जादूगार (१९२८), दौलत (१९२९) इ. कादंबऱ्यांतून शहरी मध्यमवर्गातील प्रणय रेखीव तंत्राने रंगविला. वाचकाला आनंद देणे हेच कलेचे प्रयोजन, हा त्यांचा पक्ष. कला जीवनासाठी असावी, हा वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांचा. महाराष्ट्रातील वाचकांनी दोघांनाही आपलेसे केले. फडके १९४० मध्ये रत्नागिरीच्या व खांडेकर १९४१ मध्ये सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले.

सामान्य वाचकाचे मत मुख्यतः वाचनालयांतून प्रकट होई. ठाणे येथील मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या (स्था. १८९३) संस्थांबरोबरच, वर्गणी घेऊन पुस्तके घरी वाचावयास देणारी खाजगी वाचनालये गावोगावी होती. पुस्तकासाठी लागलेला क्रमांक आणि झिजलेली बांधणी हाच तेथील अभिप्राय. दिवाळी अंकांतील कथाकादंबऱ्याही सुटीतील वाचनाचा मोठा भाग होत्या.

अशाच एका अंकातून हा प्रश्न न्यायालयात गेला. रंभा मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या श्यामा या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला व मुंबई उच्च न्यायालयाने लेखकास दंड केला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. कथा फार उच्च वाङ्‌मयीन दर्जाची नसेल, तथापि ज्यांच्या हाती ती पडण्याचा संभव आहे, त्यांची, किशोरवयीनांचीही, नीती तिने बिघडेल असे तीत काही नाही, असे न्यायालयाने म्हटले. केवळ लैंगिक उल्लेख निषिद्ध मानल्यास धार्मिक ग्रंथांखेरीज काहीच विकता येणार नाही, असेही मत त्याने नोंदविले. वाङ्‌मयीन दर्जा आणि वाचकाला होणारा अपाय हे दोन भिन्न प्रश्न आहेत, हे या निर्णयामुळे स्पष्ट झाले. सामान्य दर्जाचे पुस्तक लिहिण्याची व वाचण्याची मोकळीकही त्यात अध्याहृत आहे.

काकोडकरांच्या निलांबरी या कादंबरीवर आधारलेला दो रास्ते हा हिंदी चित्रपट १९६९ मध्येच प्रदर्शित झाला. पुढे सुहास शिरवळकर यांच्या दुनियादारीवरही (१९८२) २०१३ मध्ये मराठी चित्रपट निघाला. समीक्षेत अल्प स्थान मिळालेली पुस्तकेही वाचकांच्या स्मरणात दीर्घकाळ टिकू शकतात, हे यावरून दिसते.