दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढू नका



“अगं, चरबीची गाठ आहे. दुखत नाही ना, मग राहू दे.” गटाच्या बैठकीत हे आपण कितीदा ऐकतो! बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण क्वचित कधी तीच गाठ थायरॉईडच्या पसरलेल्या कॅन्सरची निघते.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूची फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिचा कॅन्सर पुरुषांपेक्षा बायकांना जवळपास तिप्पट होतो. तो बहुधा हळू वाढतो, दुखतही नाही. कधी तो मानेच्या बाजूला गाठीच्या रूपात दिसतो. कधी रक्तातून फुफ्फुसात किंवा हाडात जातो. कवटीच्या किंवा छातीच्या हाडातून तो वर आला, की कातडीखाली मऊ गाठ लागते आणि ती चरबीचीच वाटते. अशा गाठीत रक्त भरपूर असतं. न तपासता कापली तर खूप रक्तस्राव होऊ शकतो.

“माझा थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आहे,” असं म्हणून निश्चिंत राहू नका. रक्ताच्या त्या तपासणीत ग्रंथीचं काम कळतं, कॅन्सर कळत नाही.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?
- गाठ वाढते आहे, कडक आहे किंवा हाडाला चिकटल्यासारखी हलत नाही
- गाठीत ठोके जाणवतात
- गळ्यालाही सूज आहे, आवाज बसला आहे, गिळताना अडकतं
- पूर्वी थायरॉईडचं ऑपरेशन झालं आहे. हे तर न विचारता आपणहून सांगायचं!

तपासणी काय असते? गळ्याची आणि गाठीची सोनोग्राफी आणि बारीक सुईने पेशी काढून तपासणं. गाठ काढली, तर ती लॅबमध्ये पाठवायला सांगा आणि रिपोर्ट जपून ठेवा.

सुरुवात उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय किंवा बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तिथे करा. पुढच्या उपचारांसाठी परळला टाटा हॉस्पिटल आहे. तिथेच भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून काम करतं आहे. थायरॉईडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. बऱ्याचदा पसरलेल्या कॅन्सरच्या पेशीही घेतात. म्हणून ऑपरेशनने ग्रंथी काढल्यावर किरणोत्सर्गी आयोडीन तोंडावाटे देतात आणि ते त्या पेशींपर्यंत पोचून त्यांना मारतं. गरोदर बाईला हे औषध देत नाहीत. पुढे थायरॉईडची गोळी जन्मभर घ्यावी लागते. पसरलेला असला तरी या कॅन्सरवर उपचार आहेत, आणि लवकर गेलं तर फायदा जास्त.

खर्चाची भीती वाटत असेल तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपण बसतो का, ते त्यांना विचारा. तपासणीच्या, प्रवासाच्या पैशासाठी गटाचं अंतर्गत कर्ज आहेच.

येत्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर पाच मिनिटं काढा. “कुणाला कुठे गाठ आहे का गं?” एवढंच विचारा. जी “हो” म्हणेल, तिला एकटीला पाठवू नका. एकीने सोबत जा.